कच्चा कोपरा

मिठागरात 'पुरे' हा शब्द जपून वापरायचा असतो. घरी पानावर बसून कोणी पुरे म्हटलं तर फार तर डावभर भात वाचतो. मिठागरात पुरे म्हटलं की पाणी सुटतं.

पावसाळा सरला की कोंड्यांमधलं, म्हणजे मीठ पिकवायच्या बांधबंद वाफ्यांमधलं, गढूळ पाणी काढून टाकत आणि खालचा चिखल पायांनी तुडवायला घेत. अनवाणी, पावलाला पाऊल लावून, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत आणि परत. उन्हाने आणि पायांनी मिळून त्या चिखलाचा तळ व्हायचा, शाळेतल्या पाटीसारखा काळा आणि टणक. तळ घट्ट तर मीठ पांढरं. टीचभर जागा कच्ची राहिली तर मीठ गोळा करायचा दांडा ओढताना खालची माती वर यायची आणि मिठात मिसळायची. म्हणून तुडवायला घरातली सगळी उतरत, पण तळ झाला हे सांगायचं एकाच माणसाने. तो बांधावर उभा राहून 'पुरे' अशी हाक देई, आणि लांब पाण्याच्या फळीपाशी बसलेला म्हातारा फळी उचले. खारं पाणी एकदा कोंडीत शिरलं की ते मागे घेता येत नसे. तोंडातून गेलेला शब्द आणि फळीखालून गेलेलं पाणी, असं तिथली माणसं म्हणायची.

ह्या घरात ती हाक पायाळूची होती. आईच्या पोटातून आधी पाय आले, म्हणून पायाळू. बाप्तिस्म्याचं चांगलं पवित्र शास्त्रातलं नाव होतं, पण ते पाळकसाहेबांशिवाय कोणाच्या तोंडी बसलं नाही. पायाळूची लाथ बसली की पाठीतली उसण जाते असं लोक धरून चालायचे. सकाळी कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून, वाकडं होऊन दाराशी उभं असायचं. पाळकांना हे रुचत नसे. एकदा चर्चच्या पायरीवर त्यांनी त्याला हटकलं.

"लाथ मारून बरं करावं असं कुठे लिहिलंय का रे?"

"नाही साहेब. पण मारू नये असंही कुणी वाचून दाखवलं नाही."

पुढे पाळकांचीच कंबर धरली. ते मागच्या दाराने आले, भिंतीला तोंड करून उभे राहिले. पायाळूने लाथ मारली, अगदी बाळाला थोपटावं तशी, आणि बाहेर चकार शब्द काढला नाही. बायकोला मात्र सांगितलं. बायको काही भिंत नव्हती, पण ही गोष्ट तिनेही पोटात ठेवली.

"सगळं ज्ञान उजव्या अंगठ्यात आहे," तो तिला म्हणायचा. "टाच नुसती वजन घालते. कच्चं कुठे आहे ते अंगठा सांगतो. तिथे तो जरा थांबतो. पाहुण्याने उंबऱ्यावर थांबावं तसा."

त्या वर्षी तुडवणी नुकतीच सुरू झाली होती. चिखलातल्या एका शिंपल्याने त्याचा तो अंगठाच कापला. नखभर चीर. मिठागरात अशा चिरा कोण मोजतं? खाऱ्या पाण्याने जखम धुतली जाते असा सगळ्यांचा समज. त्याने फडकं बांधलं आणि तुडवत राहिला. मग फडकं ओलं राहू लागलं. मग त्याला वास येऊ लागला. रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होईना, तरी सकाळी हा कोंडीत. त्याची आई, म्हणजे बायकोची सासू, म्हणाली, "अरे, एक दिवस बैस." तो म्हणाला, "बसलो तर तळ कोण करणार, तू?" ती म्हणाली, "मी केलाय रे तळ, तू पोटात असताना. उगाच नाही पायांकडून आलास."

अंगठा काळा पडला तेव्हा फळीवाल्या मामांनी गाडी बघून दिली. तसे ते कोणाचेच मामा नव्हते. फळीपाशी बसून बसून सगळ्यांचे मामा झाले होते. शहरातल्या दवाखान्यात त्याच्या बायकोला बाकावर बसवून ठेवलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तरुण होत्या, चेहरा दमलेला. म्हणाल्या, "अंगठ्यापुरतं राहिलेलं नाही. घोट्याच्या वरून काढावं लागेल."

तिने विचारलं, "अंगठा नाही ठेवता येणार?"

बाईंना वाटलं हिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सावकाश सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते त्या इमारतीत कोणालाही कळलं नसतं.

पायाळू घरी आला तो मामांच्या पाठीवर बसून. दाराची चौकट ठेंगणी, त्याने डोकं वाकवलं आणि म्हणाला, "मामा, आता तुमची कंबर गेली तर मला विचारू नका." मामा हसले. मग अंगणात जाऊन तोंड पुसत उभे राहिले.

चारी दिशांना गोष्ट गेली. मुकादम आला. खाटेजवळ बसला नाही, दारातच छत्रीच्या टोकाने माती उकरत उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, पण मालकाचा होता.

"शेजारच्या कोंड्यांचे तळ होत आले," तो म्हणाला. "तुमचा अर्धा पडलाय. मालक म्हणतात, दुसऱ्या घराला देऊ."

"मी तुडवते की," ती म्हणाली.

"तुडवाल हो वहिनी. पुरे कोण म्हणणार?"

तेव्हा खाटेवरून पायाळू म्हणाला, "तीच म्हणेल."

"बाई?"

"बाईला अंगठा नसतो का?"

मुकादमाने छत्रीचं टोक उचललं. "बघा. ह्या खेपेला तळ चांगला निघाला तर कोंडी तुमची. मातीचं मीठ आलं तर मग मला बोल लावू नका." ती कोंडी पायाळूच्या आज्याने पहिल्यांदा बांधली होती. ती गेली तर त्या घराला दुसऱ्यांच्या कोंडीवर टोपल्या वाहण्याशिवाय काही उरत नव्हतं.

ती उतरली. पहिले काही दिवस शेजारच्या बांधावरून बायका थांबून बघायच्या. एक म्हणाली, "नवऱ्याने खाट धरली, हिने कोंडी धरली." दुसरी म्हणाली, "चाल बघ, नवरी मांडवात चालते तशी." तिने मान वर केली नाही. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्या फुटल्या, त्यात खार शिरला, तो चिमटीने काढावा तर कातडी निघायची. मामा दुपारी पायाळूला पाठीवर आणून बांधावर पेटाऱ्यावर बसवायचे. तो पांढऱ्या पट्टीचं पाऊल, म्हणजे पाऊल नसलेली पट्टी, टॉवेलखाली झाकायचा आणि विचारायचा,

"अंगठा काय म्हणतोय?"

"काही म्हणत नाही. मुका आहे."

"मुका नाही, लाजतोय. नव्या सुनेसारखा आहे तो तुझ्याकडे. बोलेल."

आणि एक दिवस खरंच बोलला. पश्चिमेच्या कोपऱ्यात, बांध वळतो तिथे, पाऊल टेकताना तिचा अंगठा आपोआप थांबला. तिने पुन्हा टेकला. पुन्हा थांबला. तिने वर पाहिलं. पायाळूचे डोळे भरले होते, पण ऊनही तसंच होतं, कोणाचेही भरले असते.

"तो कोपरा माझ्या बापालाही छळायचा," तो म्हणाला. "शेवटी होतो. त्याची घाई करायची नाही."

पाळक आले ते एका रविवारी, उपासनेनंतर. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. खाटेशी बसून त्यांनी वाचून दाखवलं. तुरुंगात पडलेल्या एका प्रेषिताची गोष्ट: भुकेत आणि भरल्या पोटी, दोन्हीत समाधानाने राहायला आपण शिकलो, असं तो मंडळीला कळवतो. सासूने आमेन म्हटलं. सून भिंतीला टेकून पाय चोळत होती, तिने म्हटलं नाही.

"साहेब," पायाळूने विचारलं, "शिकलो म्हणतो का तो?"

"हो. शिकलो."

"म्हणजे आधी येत नव्हतं त्याला."

पाळकांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "नसेल येत."

"मग बरं आहे. मी अंगठेबहाद्दर माणूस. त्यात अंगठाही गेला. मला वेळ लागेल."

पाळक हसले, सासू हसली. सून उठून चुलीपाशी गेली. तिला हे समाधानाचं बोलणं सोसत नसे. तिच्या मनात त्याची एक जुनी गाठ होती, आणि ती नवऱ्याशीच होती.

त्यांची एकुलती लेक चालायला लागली होती तेव्हा तापात गेली. चर्चमागच्या दफनाच्या जमिनीतही तोच समुद्राचा गाळ. खड्डा बुजवून नुसता सोडला तर पहिल्या पावसात खचतो. म्हणून तिथे माती तुडवायची रीत पडली होती, आणि ती घरच्या पुरुषाने तुडवायची. पायाळूने लेकीची माती तुडवली. एवढीशी जागा, त्याची दोन पावलं जेमतेम मावत होती. मग तो बाजूला झाला आणि हळू म्हणाला, "पुरे."

ती तिथेच उभी होती. कोंडीवर म्हणतो तसंच म्हणाला. तळ झाला, काम झालं. तेव्हापासून तिने त्याला जेवायला वाढलं, त्याचे कपडे धुतले, त्याच्या शेजारी बसून प्रार्थना केली, पण तो एक शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा राहिला. एवढी वर्षं सासू म्हणत आली, हिला काही पुरतच नाही. खरंच होतं ते. तिने तो शब्दच टाकला होता. ताटावरही ती नुसता हात आडवा धरायची.

पाणी सोडायचे दिवस आले. शेजारच्या कोंड्या भरल्या, आरशासारख्या चमकू लागल्या. हिच्या कोंडीत तो एक कोपरा राहिला होता. मुकादम येऊन बघून गेला. तेव्हाच पायाळूला पुन्हा ताप भरला. पट्टी पुन्हा ओली झाली. तो बांधावर येईनासा झाला. ती सकाळी त्याचं अंग पुसायची, दिवसभर कोपरा तुडवायची, आणि घरी परतताना पायांना विचारायची, आता तरी?

त्या दिवशी ऊन कलंडलं होतं. ती कोपऱ्यात होती. अंगठा अजून थांबत होता, पण पूर्वीइतका नाही. आणखी एखादा दिवस, फार तर दोन. इतक्यात सासू बांधावरून धापा टाकत आली. म्हातारी कधी कोंडीवर येत नसे.

"बरळतोय," ती म्हणाली. "तुझ्या लेकीला हाका मारतोय."

ती चिखलात तशीच उभी राहिली.

"अगं, ऐकतेस ना? काळं वर चढलंय, गुडघ्याकडे." म्हातारीचा श्वास पुरत नव्हता, तरी बोलायची थांबेना. भ्यालेली माणसं थांबत नाहीत. "त्याने दिलं, त्याने नेलं, असं म्हणायचं आणि गप्प राहायचं. तुला म्हणता येत नाही. पोर गेली तेव्हाही नाही आलं म्हणता. सदानकदा देवाशी भांडण. म्हणून हे असं होतंय घरात, म्हणून त्याचा पाय..."

"पुरे," ती ओरडली.

तिने कधी ओरडून बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आवाज उघड्या रानावरून सरळ गेला. आणि लांब फळीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी, जे ह्या कोंडीच्या हाकेची कितीतरी दिवस वाट बघत होते, ज्यांनी सासूचं काही ऐकलं नव्हतं आणि फक्त तो एकच शब्द ऐकला, आनंदाने हात वर केला आणि फळी उचलली.

ती धावली. चिखलात कोणी धावत नाही, पडली, उठली. "मामा, नाही. नाही हो मामा." पण वारा आता फिरून तिकडून येत होता. पाण्याची जीभ बांधाच्या तोंडातून आत आली, तळावर पसरली, पातळ, घाई न करता, आणि कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे ती जरा थांबल्यासारखी वाटली. मग तिथेही शिरली.

मामांना समजलं तेव्हा ते फळीवरच बसले. "पोरी, मी म्हटलं तळ झाला. मी किती खूश झालो गं."

"तुमचं काय चुकलं," ती म्हणाली. "शब्द माझाच होता."

मीठ आलं. साऱ्या कोंडीत पांढरं आलं, डोळ्यांना सोसवेना असं, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात करडं. दांडा ओढला तशी करडी रेघ पांढऱ्यात लांबवर पसरली. मुकादमाने चिमूट उचलली, दातांखाली धरली, बाजूला थुंकला. पुढच्या मोसमाला कोंडी दुसऱ्या घराला गेली, हे त्याने सांगितलं ते छत्रीच्या टोकाकडे बघत. जाताना म्हणाला, "बाकीचा तळ पायाळूसारखाच केला होतात, वहिनी." ते तिला लागलं. शिवी दिली असती तर कमी लागलं असतं.

घरी तिने वाटीत पांढरं मीठ नेलं, मधल्या भागातलं, निवडून. पायाळू उशीला टेकून बसला होता. दुसऱ्यांदा कापण्यात अर्थ नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. चेहरा आत गेला होता, बरळणं मात्र थांबलं होतं, डोळे स्वच्छ. त्याने मीठ बोटांवर घेतलं, चोळलं.

"छान आलंय. आता कोपऱ्यातलं दाखव."

"सगळं असंच आहे."

"अगं, मी त्या कोंडीत वाढलो. पाणी सुटल्याचा आवाज मला तापातही इथे ऐकू आला. कोपरा दोन दिवस कच्चा होता."

तिने पदराच्या गाठीतलं करडं मीठ सोडलं. आणलं होतं तिने ते. का, तिला सांगता आलं नसतं. मग ती बोलली. सासूने काय म्हटलं ते गाळलं, पण बाकी सगळं सांगितलं. "मी थकून म्हटलं हो. मला तळ झाला असं म्हणायचं नव्हतं. मला देवाला म्हणायचं होतं. आता पुरे कर, असं."

त्याने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं ताप चढला. मग म्हणाला, "मी पण."

"काय, मी पण?"

"पोरीच्या वेळी. मी पुरे म्हटलं ना तिथे. तुझी मान वळली ती मी पाहिली. तुला वाटलं मी काम उरकलं. मी त्यालाच म्हणत होतो. शिवी दिल्यासारखं. पुरे कर आता, पुन्हा घेऊ नको काही." त्याने श्वास घेतला. "तुला सांगणार होतो. मग दिवस गेले. मग वाटलं, आता काय सांगायचं."

तिने त्याच्या उरलेल्या पावलावर हात ठेवला. ते थंड होतं. ती रडली, पण आवाज न करता, कारण पडद्यापलीकडे सासू जागी होती आणि तीही तसंच काहीतरी करत होती.

तिने भात मऊ करून आणला. त्याने करड्या मिठाची चिमूट त्यावर टाकली. तिने हात धरला.

"माती आहे त्यात."

"खारट आहे ना? मग झालं." तो सावकाश जेवला. दातांखाली कचकच वाजलं तसा हसला. "पुरे दोन असतात बघ. एक थकून म्हणायचं आणि एक जेवून. मला आयुष्यभर पहिलंच येत होतं. लोकांना वाटायचं दुसरं आहे." तीन घासांनंतर त्याने तिच्यासारखा ताटावर हात आडवा धरला नाही. तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुरे." इतक्या साध्या आवाजात की तिला त्याचा अर्थ लगेच कळला नाही.

"शिकलात वाटतं," ती म्हणाली.

"शिकतोय. तू पण ये."

तो गेला तेव्हा सकाळ होती, खिडकीतून मिठाचे ढीग दिसत होते. पाळकांनी चर्चमागे प्रार्थना केली, त्याचं बाप्तिस्म्याचं नाव घेतलं. लोकांना क्षणभर कळलंच नाही कोणाबद्दल बोलतायत. मग पाळकांचा आवाज फाटला आणि ते म्हणाले, "आपला पायाळू." आणखी एक गोष्ट ते सर्वांसमोर बोलले, जी आजवर दोन माणसांनी पोटात ठेवली होती: "त्याने माझीही कंबर बरी केली. मी मागच्या दाराने गेलो होतो." लोक हसले आणि रडले.

खड्डा मामांनी बुजवला. बाकीचे हळूहळू मागे सरले. आता माती तुडवायची, आणि घरात पुरुष उरला नव्हता. कोणी पुढे होईना. सासूने तिच्या पाठीला हात लावला, ढकलला नाही, नुसता लावला.

तिने चपला काढून ठेवल्या. लेकीच्या शेजारीच जागा होती. पावलाला पाऊल लावून ती उशापासून पायथ्यापर्यंत गेली, आणि परत. माती ओलसर होती, कोंडीसारखीच, फक्त खार नव्हता. ती सारखी येत जात राहिली. घाम कपाळावरून उतरला. मामा फावड्यावर हात ठेवून उभे होते.

"पोरी, झालं का? नीट सांग हं. ह्या वेळी मी घाई करणार नाही."

ती पायथ्याशी होती. तिथे, त्याच्या नसलेल्या पावलाच्या बाजूला, तिचा अंगठा थांबला. तिने पुन्हा टेकला. पुन्हा थांबला. ती तिथेच तुडवत राहिली. ऊन डोक्यावर आलं, पाळक छत्री घेऊन जवळ आले, तिने मान हलवून नको म्हटलं. तिला घाई नव्हती. घरी कोणी वाट बघणार नव्हतं, आणि कोंडी तर गेलीच होती. हा एवढाच तळ उरला होता तिच्याकडे.

मग एकदा अंगठा न थांबता पुढे गेला. तिने मागे येऊन पाहिलं. पुन्हा गेला. सगळी जागा एकसारखी घट्ट होती, लेकीच्या जागेइतकी.

ती बाजूला झाली. थकली होती ती, उभं राहवत नव्हतं. आणि तरी आत कुठेतरी ताटावरून उठल्यासारखं काहीतरी होतं, घासभरच, पण होतं.

"पुरे," ती म्हणाली.

मामांनी ऐकलं. तरी ते थोडे थांबले, तिच्या चेहऱ्याकडे बघत. मग त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं.